रोखलेलं बोट

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, पाणी उडवतो, असंच मी त्या दिवसापर्यंत धरून चालले होते. नागपुरात वाढलेल्या बाईला समुद्राचं काय माहीत असणार? अंबाझरीच्या काठावर बसून भेळ खाल्ली, फुटाळ्याला चक्कर मारली, एवढाच माझा पाण्याशी संबंध. पोहायला शिकले तीसुद्धा चाळिशीत, इंग्लंडला आल्यावर, बेसिंगस्टोकच्या सार्वजनिक तलावात. मुलीला क्लासला सोडून बाहेर बाकावर बसायचा कंटाळा आला म्हणून.

जहाजाची कल्पना माझ्या मैत्रिणीची. ती लीड्सला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. नागपुरात आम्ही एका गल्लीत वाढलो, रविवारी एकाच विहारात मांडीला मांडी लावून वंदना म्हटली, आणि ती वंदनेच्या मधेच माझ्या कानात काहीतरी बोलायची आणि मार मला बसायचा. अजून तिचा फोन "जय भीम, काय करून राहिली?" असाच सुरू होतो.

"पन्नाशी येतेय आपली," ती एकदा म्हणाली. "लोक क्रूझवर जातात, बुफे खातात. आपण शिडाच्या जहाजावर जाऊ. दोर ओढायचे, डेक घासायचं, पहारा करायचा."

"स्वतःच्या पैशाने डेक घासायचं? काहून?"

"अगं, आयुष्यभर आपण स्क्रीनकडे पाहतो. तू तुझ्या, मी माझ्या. दोन-तीन दिवस दुसरीकडे पाहू."

नवरा म्हणाला, जाऊन ये, मी बागेत टोमॅटो लावले आहेत, मला कुठेही जायचं नाही. मग मी गेले.

जहाज जुन्या पद्धतीचं होतं. तीन डोलकाठ्या, आडवी शिडं, हजारो फूट दोरखंड. आमच्यासारख्या हौशी लोकांना काही दिवस खलाशी म्हणून राबायला मिळावं म्हणून ते चालवतात. कॅप्टन, मेट म्हणजे त्याच्या खालची अधिकारी, आणि मोजके कायमचे खलाशी सोडले तर बाकी सगळे आम्हीच. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी प्लंबर, कुणी नुकताच घटस्फोट झालेला. इंग्लंडच्या दक्षिणेला, डेव्हनच्या एका बंदरातून निघून डॉर्सेटच्या किनाऱ्याने पूर्वेकडे वेमथला जायचं होतं. जमीन बहुतेक वेळ दिसतच राहणार होती, त्यामुळे मला धीर होता.

पहिल्या दुपारी मेटने आम्हाला पहारा कसा करायचा ते शिकवलं. ती साठीला आलेली, उन्हाने रापलेली बाई. आवाज असा की वाऱ्यातसुद्धा चढवावा लागत नसे. ती सांगत होती की जुन्या जहाजांवर दिवसा पहारेकरी डोलकाठीवर उंच चढून उभा राहायचा, कारण जितकं उंच तितकं लांबचं दिसतं. अंधार पडला की त्याला खाली नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला आणायचे. धुकं असलं तर डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे, खडकावर फुटणारी लाट आधी ऐकू येते. थोड्याथोड्या वेळाने त्याने "सगळं ठीक" असं मोठ्याने ओरडायचं.

"ते बातमी देण्यासाठी नव्हे," ती म्हणाली. "तो जागा आहे हे मागे सुकाणूवाल्याला कळावं म्हणून. आणि एका माणसाला फार वेळ तिथे ठेवत नसत. डोळे उघडे राहतात, पण पाहणं बंद होतं."

मग तिने आम्हाला पाहायला शिकवलं. एवढ्या वयात कुणी आपल्याला पाहायला शिकवेल असं वाटलं नव्हतं. क्षितिजावरून नजर नुसती फिरवायची नाही. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर थांबायचं, मग पुढे. एखादी गोष्ट पुसट असली तर तिच्या जरा बाजूला पाहायचं, म्हणजे ती उमटते. आणि जे दिसेल ते कुठल्या दिशेला आहे ते ओरडून सांगायचं.

"पण ते काय आहे हे कळलं नाही तर?" मी विचारलं.

"तुला ते कळायची गरज नाही. काहीतरी आहे, एवढं सांग. काय आहे ते मी ठरवते."

"आणि काहीच नसलं तर?"

"तर मी थँक यू म्हणेन आणि तू पुढे पाहशील."

हे ऐकून मी मैत्रिणीकडे पाहिलं. माझं काम काय आहे ते तिला माहीत आहे. मी दुसऱ्या कंपन्यांच्या सिस्टिमवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये आहे. स्क्रीनवर लाल दिसलं की अलार्म द्यायचा. पण दिलेला अलार्म खोटा निघाला की सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची चर्चा होते, हसत हसत, इंग्लिश पद्धतीने. त्यामुळे आम्ही सगळे आधी खात्री करतो, मग आणखी खात्री करतो, मग बोलतो. इथे ही बाई सांगत होती की खात्री करू नकोस, बोल.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर नाळेवर माझी वेळ आली. ऑगस्ट असूनही जॅकेट घालावं लागत होतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. कड्यांच्या आडोशाला, किनाऱ्याजवळ, पाणी इस्त्री केल्यासारखं दिसत होतं. आमच्याकडे मात्र छोट्या छोट्या पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा उठत होत्या. मी हार्नेसचा, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा हूक तारेला अडकवला आणि क्षितिजाचे तुकडे करायला लागले. पक्ष्यांचा थवा दिसला, ओरडले. मागून आवाज आला, "थँक यू, लुकआउट." खेकड्यांच्या पिंजऱ्याला बांधलेला तरंगता गोळा दिसला, ओरडले. "थँक यू, लुकआउट." मला मजा वाटायला लागली. मैत्रीण जवळच डेकवर दोर गुंडाळत बसली होती, ती म्हणाली, "आता ढग पण सांग."

तेव्हा उजवीकडे, पुढच्या बाजूला, काहीतरी पिवळं दिसलं.

दिसलं आणि गेलं. लाटेआड गेलं असेल किंवा नसेलच. मी ओरडले. मेट मागून दुर्बीण घेऊन पुढे आली.

"काय वाटलं तुला?"

"पिवळं. बॉलसारखं. आता नाही दिसत."

तिने बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं. मग मागे हाक देऊन रडारवर काही आहे का विचारलं. नाही म्हणाले. पण त्याला फार अर्थ नाही, ती मला म्हणाली, एवढ्या लाटांत लहानसहान गोष्टी रडारवर धड दिसत नाहीत.

निवृत्त शिक्षक तिथेच उभे होते. सज्जन माणूस, आदल्या रात्री सगळ्यांना चीज वाटणारा. ते म्हणाले, "फुगा असेल. वाढदिवसाचे फुगे उडून इथवर येतात, मी पुष्कळ पाहिलेत." दोघे-तिघे हसले. मीही हसले असते, पण मेट हसली नाही म्हणून मी पाहत राहिले. नेमक्या जागेकडे नाही, तिच्या जरा बाजूला.

आणि ते पुन्हा उमटलं. पिवळं, आणि त्याच्या शेजारी काहीतरी काळसर, गोल.

"त्याच्याजवळ काळं आहे," मी म्हणाले. "सील असतो तसं."

मेटचा आवाज एकदम बदलला. चढला नाही, उलट खाली आला. "बोट रोख त्याच्यावर. नजर काढू नकोस. मी बोलले तरी माझ्याकडे पाहू नकोस. कुणी काहीही म्हणालं तरी वळू नकोस. आता तुझं एवढंच काम."

मी हात पुढे केला आणि बोट रोखलं.

त्यानंतर माझ्यामागे काय काय झालं ते मला फक्त ऐकू आलं. शिट्टी वाजली. लोक धावले. कॅप्टनचा आवाज, दोर सोडल्याची सळसळ, शिडं फडफडल्याचा एवढा मोठा आवाज की मला वाटलं काहीतरी फाटलं. पायाखाली इंजिन सुरू झाल्याची थरथर आली. आणि जहाज वळायला लागलं. हे मला सुचलंच नव्हतं. जहाज वळतं, पण समुद्रातली जागा वळत नाही. माझं बोट पुढे होतं ते हळूहळू बाजूला जायला लागलं, आणि मला त्याच्याबरोबर कठड्याने सरकायला हवं होतं, पायाखाली न पाहता.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझा हार्नेस पकडला.

"मी आहे," मैत्रीण म्हणाली. "तू फक्त पाहा. पाय उचल. दोर आहे. आणखी उंच. आता टाक."

असं तिने मला आंधळ्यासारखं चालवलं. माझा हूक ती काढायची, पुढे अडकवायची. खांदा आधी दुखला, मग जड झाला, मग मला तो माझा वाटेनासा झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याने. पापणी मिटायची भीती वाटत होती. दोनदा ते दिसेनासं झालं आणि दोन्ही वेळा मी बोट तिथेच रोखून धरलं, कारण पाणी सगळीकडे सारखंच होतं, आणि त्या सारख्या पाण्यात माझं बोट एवढीच खूण होती.

मग ते मोठं झालं, आणि मला कळलं की मी काय पाहत होते.

पिवळी होती ती लहान मुलीची पोहण्याची टोपी. मुलगी एका पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, पालथी पडली होती. ते हवा भरून करतात तसले बोर्ड, बीचवर उन्हाळ्यात सगळे घेऊन फिरतात. आणि काळं होतं ते माणसाचं डोकं. तो पाण्यात होता, हनुवटीपर्यंत, एक हात बोर्डावर टाकलेला.

तो आमच्याकडे पाहत होता. एवढं मोठं जहाज, आभाळाएवढी शिडं, कठड्यावर ओळीने उभी माणसं, आणि तो नुसता पाहत होता. हात हलवला नाही. तोंड उघडलं नाही. मुलगीही गप्प. लाटा आणि इंजिन सोडलं तर कसलाच आवाज नव्हता. माझ्या अंगावर जो काटा आला तो त्या शांततेने. मला वाटलं, दोघंही गेले आहेत आणि डोळे तेवढे उघडे राहिले आहेत.

"जिवंत आहे," मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली. "मान धरलीय त्याने." आणि हार्नेस सोडून ती पळाली.

जहाजावरची रबरी होडी खाली सोडली. दोन खलाशी त्यात होते. मैत्रीण कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून ओरडत होती, आणि तिचा तो आवाज मी लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. "त्याला आडवं उचला! उभं ओढू नका! आडवं!" नंतर तिने समजावलं की थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाला सरळ उभं बाहेर ओढलं की रक्तदाब एकदम पडतो. पाण्यात जिवंत असलेला माणूस डेकवर येता येता हातातून जातो. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यांनी त्याला कापडाच्या झोळीत, गादी उचलावी तसं उचललं.

मुलीला आधी वर आणलं. सात-आठ वर्षांची असेल. बोर्डाला एक दोरी असते, घोट्याला बांधायची, म्हणजे पडलं तरी बोर्ड सुटत नाही. ती दोरी तिच्या कमरेला बांधलेली होती. त्याने स्वतःच्या पायाची सोडून तिला बांधली होती. त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, नुसता टीशर्ट.

डेकवर त्याला सपाट झोपवलं. मैत्रीण गुडघ्यांवर बसली. कुणीतरी त्याचे हात चोळायला लागलं तर ती खेकसली, चोळू नका. कुणी चहा आणला, तोही परत पाठवला. कपडे कात्रीने कापले, कोरड्या ब्लँकेटांत गुंडाळलं. तो थरथरतसुद्धा नव्हता, आणि ते वाईट लक्षण आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिची दोन बोटं त्याच्या मानेवर होती आणि तिथून हलत नव्हती.

मुलीला माझ्याकडे दिलं. का ते माहीत नाही, मी सर्वांत रिकामी दिसले असेन. तिला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून मी मांडीवर घेतलं. तिच्या ओठांचा रंग जांभळट होता, दात वाजत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुझी टोपी मला लांबून दिसली बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी तुम्हाला आधी पाहिलं," ती म्हणाली. तिची इंग्लिश वाक्यं थंडीने तुटत होती. "डॅड म्हणाले, तू जहाजासाठी पाहत राहा, दिसलं की मला सांग. मी सांगितलं. ते काही बोललेच नाहीत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आजूबाजूला लोक आता एकमेकांना मिठ्या मारत होते. प्लंबर रडत होता. कुणीतरी माझ्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारून म्हणालं, वेल डन. कॅप्टन रेडिओवर कोस्टगार्डशी बोलत होता, दोघं सापडले, दोघं जिवंत.

मुलीने ते ऐकलं असावं. ती म्हणाली, "आणि मम्मी?"

"मम्मी कुठे आहे?" मी विचारलं. मला वाटलं, घरी, बीचवर, हॉटेलात.

"मम्मी मदत आणायला गेली. पोहत."

मी हे मोठ्याने पुन्हा म्हणाले. मला वाटतं मी आधी मराठीत म्हणाले, कारण मैत्रिणीने झटकन मान वर केली आणि बाकी कुणाला काही कळलं नाही. मग इंग्लिशमध्ये म्हणाले. मिठ्या सुटल्या. असं वाटलं की कुणीतरी डेकवरची हवा काढून घेतली.

मुलीला मेटने दोन-तीन प्रश्न विचारले, अगदी हळू. तिघं दोन बोर्ड घेऊन निघाले होते. वाऱ्याने बाहेर ढकललं. एक बोर्ड हवा जाऊन निकामी झाला. आईला चांगलं पोहता यायचं, ती किनाऱ्याकडे निघाली. कधी? खूप आधी. म्हणजे किती? मुलीला सांगता येईना.

मेट उठली आणि म्हणाली, "सगळे पहाऱ्यावर."

आणि खरंच सगळे. ज्याला सुकाणू धरायचं होतं आणि ज्यांना त्या माणसाजवळ बसायचं होतं ते सोडून जहाजावरचं प्रत्येक माणूस कठड्यावर उभं राहिलं. आचारी एप्रन घालून आला. प्रत्येकाला पाण्याचा एकेक तुकडा वाटून दिला. मुलीला दुसऱ्या कुणी घेतलं, आणि मेट माझ्याजवळ आली.

"वर जाशील?"

आदल्या दिवशी मी दोराच्या शिडीच्या चार पायऱ्या चढून घाबरून खाली आले होते, हे तिने पाहिलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझं तोंड हो म्हणालं. पुढे एक खलाशी, मागे मी. खाली पाहू नको, दोरांकडे पाहा, असं तो सांगत राहिला. अर्ध्या डोलकाठीवर लाकडी मचाण असतं. तिथवर पोचले आणि दोन्ही हातांनी काठीला मिठी मारली. खाली जहाज होडीएवढं अरुंद दिसत होतं आणि काठी पाण्यावर इकडून तिकडे झुलत होती. माझ्या कमरेला हार्नेस होता. जुन्या काळच्या त्या माणसांना काहीच नसे, हे मेटने सांगितलेलं तिथे उभं राहिल्यावर मला खरंखुरं कळलं.

पण घाबरायलाही फार फुरसत नव्हती. समोर आमचं जहाज आणि कडे यांच्यामधलं सगळं पाणी पसरलं होतं, आणि त्यात एक बाई शोधायची होती. मी तुकडे केले. प्रत्येकावर थांबले. खालून दिसला होता त्याच्या कितीतरी पट समुद्र इथून दिसत होता, आणि त्यामुळे आणखीच भीती वाटली. एवढ्या पाण्यात एक डोकं? पांढरी लाट उठली की मी ओरडायची. प्लास्टिकचा डबा दिसला, ओरडले. खालून मेट दर वेळी दुर्बिणीने पाहायची आणि थँक यू म्हणायची. माझा घसा बसला.

किनाऱ्यावरून लाइफबोट आली, बाप-लेकीला घेऊन गेली. मैत्रिणीने तिथल्या लोकांना सगळं सांगितलं आणि ती रिकाम्या हातांनी डेकवर उभी राहिली. हेलिकॉप्टर आलं, पाण्यावरून सरळ रेषा मारत फिरायला लागलं. शोधायला आणखी तीन-चार बोटी आल्या. दुपार सरली. मग कोस्टगार्डने कॅप्टनला सांगितलं, तुमचे आभार, आता तुम्ही जाऊ शकता. आम्ही गेलो.

संध्याकाळी वेमथजवळ फोनला रेंज आली तेव्हा माझ्या मुलीचा फोन आला. ती लंडनला, हाउन्सलोत राहते, विमानतळावर नोकरी करते, आणि माझ्याशी हट्टाने मराठी बोलते, जमेल तशी. तिला काहीच माहीत नव्हतं.

"आई! तुझं बोट कसं आहे?"

तिला म्हणायचं होतं, तुझी बोट कशी आहे. मी उजव्या हाताकडे पाहिलं. तर्जनी अजून सरळच होती, मिटायला तयार नव्हती.

"दुखतंय गं," मी म्हणाले.

"बोट दुखतंय? बोट कसं दुखू शकतो?"

मी हसायला लागले. ते हसणं मला थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मैत्रिणीने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात कॅप्टनने सगळ्यांना डेकवर बोलावलं. बाप-लेक हॉस्पिटलात आहेत, वाचतील. आणि आईसुद्धा सापडली. संध्याकाळी हेलिकॉप्टरला कड्यांच्या पायथ्याशी, दगडांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर ती दिसली. खांदा निखळलेला, वर चढायला वाट नाही, जवळ फोन नाही. पण जिवंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त शिक्षक वाजवत नव्हते. ते माझ्याजवळ आले, म्हणाले, "माझी पाळी असती तर मी काही बोललो नसतो. मला फुगाच दिसला असता." त्यांचा चेहरा इतका करडा पडला होता की मी त्यांचा हात धरला.

वेमथहून आम्ही एकाच ट्रेनमध्ये बसलो. मैत्रिणीला पुढे लीड्सला जायचं होतं, पण बेसिंगस्टोकला ती माझ्यामागोमाग उतरली. घरी मी खिचडी टाकली. ती ओट्याला टेकून उभी होती आणि मी वळून पाहिलं तर जमिनीवर बसलेली.

"मी रोज माणसांना झोपवते," ती म्हणाली. "डोळे मिटताना पाहते. ते उघडणार हे मला माहीत असतं. त्याचे उघडे होते गं. उघडे, आणि आत कुणी नव्हतं. आणि ती पोर त्याच्याशी बोलत होती."

मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. नवरा बागेतून टोमॅटो घेऊन आला, आम्हाला पाहून काही न विचारता त्यानेच खिचडी पुन्हा गॅसवर चढवली.

नोव्हेंबरमध्ये, ऑफिसात उशिराने लंचला बसले असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. कॅप्टनने मला आधी विचारून नंबर दिला होता. ती त्या मुलीची आई होती.

तिने आभार मानले, मी नको नको म्हणाले. नवरा कामावर जायला लागलाय, मुलगी शाळेत जाते पण आंघोळीला रडते, असं तिने सांगितलं.

"मी पोहत निघाले तेव्हा सारखी मागे वळून पाहत होते," ती म्हणाली. "पण वळलं की दम जायचा. मग मी वळणं थांबवलं. किनाऱ्याला लागले आणि पाहिलं तर टोपी कुठेच नव्हती. पाणी आणि नुसतं पाणी. मग तुमचं जहाज आलं. सगळी शिडं लावलेली. मला वाटलं मला भास होतोय, आजच्या काळात असलं जहाज कुठून येणार. आणि मग ते थांबलं. वळलं. मी म्हटलं, का थांबलं असेल? दुसरं काय कारण असेल?"

"म्हणजे तुम्ही आम्हाला पाहत होता?" मी विचारलं. "आम्ही तुम्हाला शोधत होतो तेव्हा?"

"पूर्ण वेळ. वर काठीवर कुणीतरी होतं. लाल जॅकेट."

जॅकेट माझं होतं. माझ्या हातातला सँडविचचा तुकडा तसाच राहिला. आम्ही सगळ्यांनी पाण्याचे तुकडे वाटून घेतले होते. किनारा कुणाच्याच वाट्याला दिलेला नव्हता, आणि माझ्या समोर तर तो सबंध दुपार होता.

"मी चांगला हात हलवत होते," ती म्हणाली. मग चटकन, मला बरं वाटावं म्हणून, "पण ते लांब होतं हो. फार लांब होतं."

मी म्हणाले, हो, लांब होतं. मग ती म्हणाली की मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली.